सॅमन-हॅलिबटसाठी फिशिंग लॉज निवडताना: आधी पाणी बघा, खोली नंतर

अलास्कातल्या कुठल्याही फिशिंग लॉजची, म्हणजे राहण्यासोबत मासेमारीची बोटही देणाऱ्या ठिकाणाची, जाहिरात उघडा, पहिला फोटो ठरलेला असतो. माणसाहून उंच हॅलिबट, म्हणजे लेपासारखा चपटा मासा, उलटा टांगलेला आणि शेजारी दात काढून उभा असलेला पाहुणा. तो मासा कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात आणि कुठल्या नियमाखाली बोटीवर आला, हे मात्र तिथे लिहिलेलं नसतं. लॉज निवडायचं ते याच तीन गोष्टींवरून.

1. कोणता मासा, ते आधी ठरवा

आपल्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरं, पण खऱ्या सॅमनशी त्याचं काही नातं नाही. अलास्कात सॅमनच्या पाच जाती येतात. मोठ्या माशाची हौस असेल तर त्यातला किंग, म्हणजेच चिनूक. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 30 पौंड किंवा त्याहून जड चिनूकला ‘टायी’ म्हणून वेगळा मान आहे. गळाने धरलेल्या किंगचा विक्रम 97 पौंड 4 औंसांचा, 1985 साली अलास्कातल्या किनाय नदीतला. पण ते नाव ऐकून किनायचं बुकिंग करू नका. तिथला मोठा किंग इतका घटला की अलीकडे त्याची मासेमारी बंदच ठेवावी लागली आहे.

आग्नेय अलास्काच्या समुद्रात किंगचा हंगाम साधारण मेअखेर ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत. सिल्व्हर, म्हणजे कोहो, याचा भर ऑगस्टात. नेमका श्रावण! घरी श्रावण पाळत असाल तर आधी घरात बोलून घ्या, मग लॉजशी. हॅलिबट मध्य मे ते सप्टेंबर मिळतो. म्हणून किंग आणि हॅलिबट हवे तर जून, सिल्व्हर आणि हॅलिबट हवे तर ऑगस्ट.

2. नियम वाचा, ब्रोशर नंतर

बहुतेक जण फसतात ते इथे. हॅलिबटचे मोठे नग जवळजवळ सगळे माद्याच असतात. एकूण पकड ठरलेल्या मर्यादेत राहावी म्हणून आग्नेय अलास्कात गाइडच्या बोटीवर अलीकडच्या वर्षांत दिवसाला एकच हॅलिबट ठेवता येतो, आणि तोही एका मापाच्या खालचा किंवा 80 इंचांच्या वरचा. मधल्या मापाचा सोडायचा. खालचं माप दर वर्षी नव्याने ठरतं. 80 इंची हॅलिबट अडीचशे पौंडांच्या वर भरतो, रोज भेटणारा नव्हे. ब्रिटिश कोलंबियात तर सुमारे सव्वा मीटरहून लांब हॅलिबट ठेवताच येत नाही.

आमच्या बोटीवर एका पाहुण्याने अर्धा तास झुंजून एक मादी वर आणली. स्किपरने तिला पाण्यातच पट्टी लावली. 52 इंच, म्हणजे मधलं माप. त्याने मान हलवली, वाकून गरी सोडवली, आणि ती शेपटीच्या एका फटक्यात खाली गेली. पाहुणा बराच वेळ रिकाम्या पाण्याकडे बघत होता. त्याला हा नियम कुणी सांगितलाच नव्हता.

गाइडशिवाय, स्वतः बोट चालवून गरवणाऱ्यांना अलास्कात जास्त मोकळीक आहे: दिवसाला दोन हॅलिबट. तशी बोट देणारे लॉजही आहेत. पण मालवणात होडी वल्हवली एवढ्या बळावर तिथल्या भरती-ओहोटीच्या ओढीत आणि धुक्यात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

3. लॉजसमोरचं पाणी नकाशावर बघा

आग्नेय अलास्कातलं सिटका उघड्या पॅसिफिकला लागून आहे. मासा जवळ, पण लाटाही अंगावर. त्याच भागातल्या केचिकनच्या आसपास बेटांचा आडोसा जास्त, आणि पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे कोकणच समजा, फक्त गार. अलास्कातलंच होमर गाव हॅलिबटसाठी प्रसिद्ध. तिथे दिवसाच्या बोटीही मुबलक. कॅनडात हायडा ग्वाईच्या उत्तर टोकाचं लँगारा बेट चिनूकसाठी नावाजलेलं.

बोट लागत असेल तर आडोशाचं पाणी निवडा. उलटी करत धरलेल्या माशाचा फोटो कुणी फ्रेम करत नाही.

4. फोन करून हे विचारा

प्रत्यक्ष गळ टाकायचे पूर्ण दिवस किती? ‘चार रात्री, पाच दिवस’ यात येण्या-जाण्याचे दिवस धरलेले असतात, हाती तीनच उरतात. हॅलिबटच्या जागेपर्यंत बोटीला किती वेळ लागतो? एका बोटीवर किती गळ? चार असतील तर उत्तम. सहा असले की दोर गुंततात. पाहुण्यांना हॅलिबट धरायला नेण्यासाठी लागणारं चार्टर परमिट लॉजचं स्वतःचं आहे ना? ऐन हंगामात किंग बंद झाला तर पैशांचं काय? मासेमारीचं लायसन्स आणि किंगचा शिक्का, म्हणजे किंग धरायचा जादा परवाना, भाड्यात धरलेत का? बहुधा नसतात. सोबत कुणी शाकाहारी असेल तर स्वयंपाक्याला आधी कळवा, नाहीतर तीन दिवस उकडलेला बटाटा.

गमबूट आणि रेनकोट बहुतेक ठिकाणी लॉजच देतं. मापं तेवढी कळवा.

5. मासा घरी कसा येणार?

हॅलिबटच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास मांस निघतं. ते साफ करून, व्हॅक्यूम पॅक करून, गोठवून देण्याचे पैसे भाड्यात आहेत की पौंडामागे वेगळे, हे लेखी घ्या. लॉजला सी-प्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, जावं लागत असेल तर सामानाच्या वजनाची मर्यादाही विचारा.

परतीच्या दिवशी लगेच पुढचं विमान धरू नका, एक रात्र मध्ये ठेवा. आम्ही ठेवली नव्हती. सकाळी धुकं उतरलं, सी-प्लेन दुपारपर्यंत हललं नाही, सिएटलचं विमान गेलं. संध्याकाळी मी माशांचे दोन खोके खांद्यावर घेऊन एका हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, त्यांच्या फ्रीझरमध्ये रात्रभरापुरती जागा मागत.