थवा मोजायचा कसा: नांदूर मधमेश्वरच्या काठावरून

जानेवारीत निफाड तालुक्यात सगळ्यांचा जीव द्राक्षबागेत अडकलेला असतो, माझाही. तरी त्या महिन्यातली एक सकाळ मी बागेला देत नाही. मुलीला घेऊन चापडगावच्या बाजूने गोदावरीवरच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याच्या पाण्यावर जाते, आशियाई पाणपक्षी गणनेसाठी. आपल्या उपखंडात ही गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आणि मोजणाऱ्यांत आपल्यासारखी साधी माणसंच खूप असतात. यंदा पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

जागा अभयारण्याची आहे, म्हणून आधी वनखात्याशी आणि गणनेच्या समन्वयकाशी बोला. कोणता गट कुठला काठ मोजणार ते आदल्या दिवशीच ठरवून घ्या. पांढरे, भडक कपडे नकोत. निफाडची थंडी ठाऊक आहेच, त्यात नदीवर धुकं असतं. ते विरल्याशिवाय मोजायला लागू नका. सूर्य पाठीशी राहील असा काठ धरा. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळीच दिसतात.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त बघा. कुठे दाटी आहे, कुठे चार-दोनच आहेत, चिखलात कोण चरतंय, हे डोळ्यांत भरून घ्या. मग मोठ्या थव्यापासून सुरुवात करा, कारण उडून जायची भीती त्याचीच. मी हे चुकून शिकले. पहिल्या वर्षी काठावरचे बगळे एकेक करून मोजत बसले आणि बदकांच्या थव्याकडे उशिरा वळले. तो अर्धा मोजून झाला तेवढ्यात वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला, थवा उठला आणि मी अजून न मोजलेल्या भागात जाऊन बसला. तीच बदकं माझ्या आकड्यात दोनदा आली. आता थवा उठला की त्या भागाचा आकडा खोडते आणि पुन्हा मोजते.

शेकड्यांनी बसलेला थवा एकेक मोजता येत नाही. बागेत माल किती निघेल याचा अंदाज आपण घेतो तसंच इथे करायचं. थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी नेमके मोजा. त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत ठसवा आणि तेवढीच ठिगळं पूर्ण थव्यावर टाकत जा. तीस ठिगळं बसली तर 300. थवा फारच मोठा असेल तर पन्नासाचं किंवा शंभराचं ठिगळ घ्या. मात्र थवा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो, म्हणून ठिगळाचा आकारही तसा लहानमोठा करावा लागतो. मोठा थवा नवख्या डोळ्याला हमखास कमी वाटतो. घरी एखाद्या थव्याचा फोटो घेऊन आधी अंदाज करा, मग बोटाने मोजा. आठवडाभर हे केलंत की हात बसतो.

मोजणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. मी दुर्बिणीतून डोळा न काढता बोलते, मुलगी पेन्सिलने लिहिते. काही पक्षी ओळखायला सोपे: वारकऱ्याच्या काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा, हळदी-कुंकू बदकाच्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू, थापट्याची चोच फावड्यासारखी. पण बदकांच्या माद्या बहुतेक तपकिरी, ठिपक्यांच्या. खात्री नसेल तर ‘न ओळखलेली बदकं’ असं लिहून संख्या द्या. त्यात कमीपणा काही नाही. आणि दरवर्षी दिसणारा पक्षी यंदा शोधूनही सापडला नाही, तर शून्य लिहा. जागा रिकामी सोडली तर तो नव्हता की तुम्ही पाहिलंच नाही, हे पुढे कुणाला कळणार?

पाण्याची पातळी लिहायला बहुतेक जण विसरतात आणि मला ते फार खटकतं. वरच्या धरणातून आवर्तन सुटलं की इथला चिखल बुडतो. शेकाट्या, तुतवार यांना पाय टेकायला जागा उरत नाही, ते दुसरीकडे जातात. त्या सकाळचा आकडा नुसता वाचला तर शेकाटे संपत आले असं वाटेल. पाणी कुठवर होतं, मासेमारीची जाळी लागली होती का, काठाला पंप चालू होते का, हे सगळं पक्ष्यांच्या आकड्याशेजारी लिहा.

आकडा फुगवू नका. जानेवारी 2020 मध्ये ही जागा महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली पाणथळ, म्हणून जाहीर झाली. एखाद्या पाणथळीवर नेमाने 20,000 पाणपक्षी असतात का, एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी 1 टक्का तिथे येते का, हे रामसरच्या निकषांत तपासलं जातं आणि ते तपासायला काठावरून मोजलेलेच आकडे लागतात.

फॉर्म त्याच रात्री भरा. निघण्यापूर्वी, जिथे उभं राहून मोजलं त्या जागेचा फोटो काढा, शेजारची बाभूळ किंवा बांध दिसेल असा. पुढच्या जानेवारीत पाय तिथेच रोवायचे आहेत.