नव्या इमारतीत हुइझोऊची ‘तियानजिंग’

चीनमधल्या आन्हुई प्रांतातल्या हुइझोऊच्या जुन्या घरांत दिवाणखान्यासमोर अरुंद, उंच चौक असतो: तियानजिंग, म्हणजे ‘आकाशविहीर’. चारही छपरांचं पाणी त्यात उतरतं. फेंगशुईत पाणी म्हणजे धन, म्हणून ते आत घ्यायचं. धनाचं राहू द्या, हवा मात्र खरोखर खेळते.

नव्या इमारतीत चौक रुंदीपेक्षा उंच ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन तळापर्यंत क्षणभरच पोचतं. भिंती पांढऱ्या, खोल्यांच्या खिडक्या चौकाकडे. तळ १५ सेंमी खाली, उतार १:१००, पाणी जायला दोन तोंडं; एकच ठेवलं की पहिल्या पावसात पानं अडकून दिवाणखान्यात पाणी. वर काच हवीच असेल तर ती भिंतीपासून उचलून चहूबाजूंनी फट सोडा. घट्ट बसवली की गरम हवा वरच कोंडते आणि वरचा मजला भट्टीसारखा तापतो.