चाकांचा बास्केटबॉल स्टँड घेताना आधी बूड बघा

चाकांचा बास्केटबॉल स्टँड बघताना नजर आधी बोर्डावर जाते. काचेसारखा चमकणारा बोर्ड, लाल रिंग, पांढरी जाळी. पण हा स्टँड वर्षानुवर्षं उभा राहणार की पहिल्याच वळवात आडवा होणार, हे ठरतं जमिनीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर, म्हणजे बुडावर, आणि त्यातून वर येणाऱ्या खांबावर. बोर्ड पुढं कधीही बदलता येतो. बूड कमी पडलं तर सगळा स्टँडच जातो. म्हणून निवड खालून वर करत जावी.

त्याआधी टेप घेऊन अंगणात उतरा. बोर्डाच्या तोंडापासून खांबापर्यंत साधारण ६० सेंमी, आणि खांबामागं बूड आणखी ७० सेंमी जातं. फ्री थ्रोची रेघ बोर्डाच्या तोंडापासून ४.६० मीटरवर असते, आणि तिच्यामागं उभं राहायला मीटरभर जागा हवी. बेरीज झाली सात मीटर, म्हणजे २३ फूट. रुंदी चार मीटर मिळाली तरी भागतं. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतली जुनी घरं अरुंद आणि लांब असतात; तिथं पुढच्या दारापेक्षा मागचं परडं बरं. तीन पॉइंटची रेघ रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर येते, तिचा घरी हट्ट धरू नका.

मग वर बघा. रिंग ३.०५ मीटरवर लावली की बोर्डाची वरची कड साडेतीन मीटरच्या पुढं जाते आणि चांगल्या फेकीचा चेंडू चार-साडेचार मीटर उंच जातो. घराकडं येणारी विजेची वायर, केबल, आंब्याची फांदी, मंगलोरी कौलांची वळचण यांपैकी काही त्या वाटेत आहे का? विजेची तार जवळ असेल तर जागा बदलाच. धोका खेळताना असतो त्यापेक्षा जास्त स्टँड उभा करताना असतो, कारण तेव्हा हातात लांब लोखंडी खांब असतो आणि लक्ष नट-बोल्टांकडं.

दिशेचाही विचार करा. मुलं शाळेतून येऊन पाचला खेळायला लागतात तेव्हा ऊन पश्चिमेकडून तिरकं येतं. बोर्डाचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवलं तर सूर्य नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. पावसाळ्यातला आपल्याकडचा वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून येतो. त्याला बोर्डाची सपाट बाजू न मिळता बरीचशी कडच मिळते, हा दुसरा फायदा. वळवाचा वारा मात्र कुठूनही येतो, त्याला ही युक्ती पुरत नाही.

बूड किती मोठं हवं

वाऱ्याचा हिशेब एकदा मांडून बघू. १.१ मीटर रुंद आणि ०.७५ मीटर उंच बोर्डावर ताशी ६० किमीचा वारा समोरून आदळला तर सुमारे १७ किलोचा जोर बसतो. हा जोर जमिनीपासून ३.२ मीटरवर लागतो, म्हणजे तरफ लांब. त्याला गुणलं की ५४ येतात. उलट बाजूला ११० लिटरचं बूड पाण्यानं काठोकाठ भरलेलं, म्हणजे ११० किलो, आणि त्याचा मध्य कडेपासून अर्धा मीटर आत: ५५. तराजू जेमतेम बरोबरीत. स्टँडचं स्वतःचं वजन थोडी मदत करतं, पण वळवात याहून जोराचे झोत येतात. बूड अर्धंच भरलं असेल तर ताशी ४२ किमीच्या वाऱ्यालाच ही वेळ येते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो; वेग दुप्पट झाला की जोर चौपट.

म्हणून पूर्ण उंचीच्या रिंगसाठी बुडाची क्षमता किमान ११० लिटर धरा. १३० च्या पुढची मिळाली तर उत्तम. ६०-७० लिटरचं बूड सात-आठ फुटांपर्यंत खेळणाऱ्या लहान मुलांसाठीच. क्षमता खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिटरमध्ये दिलेली असते. तिथं फक्त 'हेवी ड्यूटी' लिहिलं असेल आणि लिटर लिहिले नसतील तर तो स्टँड सोडून द्या.

रिंगला लोंबकळणं हा वाऱ्याइतकाच मोठा धोका. रिंगचा मध्य खांबापासून मीटरभर पुढं असतो. ६० किलोचा मुलगा तिथं लटकला तर तोही जवळजवळ तेवढाच जोर लावतो, आणि त्यात झोका घेतला की स्टँड त्याच्या अंगावर येतो. भारी रिंगला स्प्रिंग असते, ती झटका सोसते आणि रिंग वाकू देत नाही. स्टँड पडू नये यासाठी तिचा काही उपयोग नाही. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

पाणी की वाळू

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. कोरडी वाळू लिटरला सुमारे १.६ किलो. ११० लिटरच्या बुडात वाळू १७० किलोच्या आसपास जाते. कोपऱ्यांत पोकळी राहते म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. वाळूचा मोठा गुण असा की बुडाला तडा गेला तर ती तिथंच राहते. पाणी मात्र रात्रीत गळून जातं आणि सकाळी कुणाच्या लक्षातही येत नाही. रिकाम्या बुडाचा स्टँड दिसायला भरल्यासारखाच दिसतो.

स्टँड एकाच जागी ठेवायचा असेल तर वाळू भरा. नदीची असो वा क्रशरची, ती चाळलेली आणि पूर्ण कोरडी हवी. ओली वाळू नरसाळ्यात अडकते आणि खांबाच्या तळाला गंज आणते. बुडाचं तोंड दोन-तीन बोटांचं असतं, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून नरसाळं करा. थोडी वाळू गेली की बूड हलवून ती बसवायची, मग पुढची. या कामाला अर्धा दिवस धरा.

स्टँड सरकवावा लागणार असेल तर पाणी. संध्याकाळी गाडी लावायची असते, सुगीत त्याच अंगणात भात नाहीतर शेंगा वाळत घालायच्या असतात. १७० किलोचं बूड चाकांवर कलतं करून ओढलं की चाकाच्या आसाजवळ प्लॅस्टिक फाटतं. सर्वांत जास्त बुडं तिथंच जातात. पाणी भरून झाल्यावर वजन वाढवायला पंचवीस किलोच्या वाळूच्या दोन पिशव्या बुडाच्या मागच्या भागावर ठेवा. सरकवायच्या वेळी त्या उचलून बाजूला ठेवता येतात. विणलेली प्लॅस्टिकची पोती उन्हानं काही महिन्यांत कुजून फाटतात, म्हणून पिशवीवर दुसरी पिशवी चढवा किंवा ताडपत्रीची शिवून घ्या.

झाकणाखाली रबरी वायसर आहे ना, ते बघा. झाकण हरवलं तर ताबडतोब दुसरं लावा. उघड्या, साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. महिन्यातून एकदा झाकण उघडून पाण्याची पातळी पाहा. एप्रिल-मेमध्ये ती कमी दिसली तर गळती शोधा, नुसती भर घालून सोडू नका.

खांब, बोर्ड, रिंग

खांब एक, दोन किंवा तीन तुकड्यांचा असतो. जितके जोड जास्त तितकी डगमग जास्त. तीन तुकडे वाहतुकीला सोयीचे म्हणून सर्रास दिसतात. दोन तुकड्यांचा मिळाला तर जास्तीचे पैसे तिथं घाला. जाडीतला फरक दिसतो त्याहून मोठा असतो. पत्र्याची जाडी तीच ठेवून पाइप ६५ मिमीऐवजी ९० मिमीचा घेतला तर तो अडीच पटींहून जास्त ताठ होतो. दुकानात उभा केलेला नमुना असेल तर छातीच्या उंचीवर खांब धरून हलवा. हात सोडल्यावर बोर्ड दोन-तीन सेकंदांहून जास्त थरथरत राहिला तर प्रत्येक फेकीनंतर तो तसाच थरथरेल, आणि बोर्डावर मारलेला चेंडू अपेक्षित जागी येणार नाही.

बोर्डाचे चार प्रकार. साधं प्लॅस्टिक: स्वस्त, पण चेंडू मेल्यासारखा परत येतो; लहान मुलांना चालतं. पॉलिकार्बोनेट: फुटत नाही, उसळी मध्यम, उन्हात वर्षांगणिक पिवळं पडतं. अ‍ॅक्रिलिक: जास्त ताठ, उसळी चांगली, उन्हाला टिकतं; जोराचा घाव बसला तर मात्र तडकतं. टेम्पर्ड काच: उसळी सर्वांत खरी, पण जड, आणि चाकांच्या स्टँडवर ते वजन वर चढवणं आम्हाला पटत नाही. अथणी-रायबागच्या उन्हात अंगणासाठी अ‍ॅक्रिलिकच घ्या. गल्लीत सगळ्या वयाची पोरं खेळणार असतील तर पॉलिकार्बोनेट. स्पर्धेचा बोर्ड १.८० बाय १.०५ मीटरचा असतो. घरी १.१ मीटर रुंदी पुरते. त्याहून मोठा बोर्ड म्हणजे वाऱ्याला मोठं शीड.

रिंगचा आतला व्यास ४५ सेंमी हवा. स्वस्त संचात ती ३८-४० सेंमीची निघते, आणि मुलाचा नेम नीट असूनही चेंडू कडेला आपटतो. सळई १६ मिमीहून बारीक नको. जाळी नायलॉनची, १२ फाशांची घ्या. सुती जाळी एका पावसाळ्यात कुजते.

जाहिरातीतली उंची कशाची, हे विचाराच. पुष्कळदा ती बोर्डाच्या वरच्या कडेपर्यंतची असते आणि रिंग त्याहून दोन फूट खाली येते. पाच ते सात वर्षांच्या मुलांना ६ ते ७ फूट, आठ ते दहाला ८ फूट, अकराला ९, आणि बारापासून पुढं १० फूट. मुलाला १० फुटांवर लवकर टाकलं की तो खांद्यातून चेंडू ढकलायला शिकतो, आणि ती सवय मोडणं फार कठीण जातं. चेंडूही वयाप्रमाणे: अकरापर्यंत ५ नंबर, त्यापुढं मुलींना ६, चौदा-पंधरापासून मुलांना ७. (१० फूट हा आकडा १८९१ च्या डिसेंबरातला. अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा तेवढ्या उंचीवर होता, आणि उंची तीच राहिली.)

उंची बदलायची सोय खिळीची, दांड्याची किंवा फिरवायच्या हँडलची असते. घरात वेगवेगळ्या वयाची मुलं असतील तर हँडलची घ्या. खिळीच्या प्रकारात एकानं बोर्ड धरायचा आणि दुसऱ्यानं खिळी काढायची. एकट्यानं केलं की बोर्ड खाली येतो आणि बोटं चिरडतात.

उभा करताना

दोन मोठी माणसं आणि तीन-चार तास. दोन पाने, रबरी हातोडा, टेप, ओळंबा जवळ ठेवा. खांबाचे तुकडे जोडताना आत किती जायचं याची खूण टेपनं आधी करून घ्या. खूण झाकली जाईपर्यंत लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून ठोका. जोड अर्धवट बसला तर खांब तिथंच खेळतो आणि भोक मोठं होत जातं. नट आधी हातानं लावा, सगळे बसल्यावरच आवळा. रिंग आणि बोर्ड खांब आडवा असतानाच बसवा. मग बुडासकट उभा करा, एकानं धरून ठेवा आणि लगेच भरायला घ्या. रिकामा स्टँड एक क्षणही सोडू नका.

जमीन सपाट हवी. बेळगाव-खानापूरची तांबडी माती धुम्मस मारून घट्ट बसते. चिकोडी-निपाणीकडच्या काळ्या रानात माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, स्टँड हळूहळू कलतो. तिथं बुडाखाली चार इंच काँक्रीटचा चौथरा घाला. शेवटी रिंगची उंची टेपनं मोजा, पण बुडापासून नको. खेळाडू उभा राहतो त्या जमिनीपासून मोजा.

गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर जपून. घरांच्या गच्च्या साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून बांधतात. वाळूनं भरलेलं बूड त्याच्या पुढं जातं. पाणीच भरा, बूड बीमवर येईल असं ठेवा, आणि इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवू नका. कठड्यावर उंच जाळी नसेल तर गच्चीचा बेत सोडाच.

पावसाळ्याच्या तोंडाशी

मृगाच्या आधी खांबाच्या टोकाला टोपी आहे का बघा. ती नसली की पाणी आत शिरतं आणि खांब तळाशी आतून गंजतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. तळाशी बोटानं ठोका. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला तर त्या खांबावर खेळणं थांबवा. पावडर कोटिंग जोडांपाशी सोलतं. तिथं पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड आणि वर रंग लावा. बोल्ट गंजले तर त्याच मापाचे स्टेनलेस स्टीलचे, आत नायलॉनची कडी असलेल्या नटासह बसवा.

वादळ येणार असं दिसलं की बोर्ड सर्वांत खालच्या उंचीवर आणा. तरफ आखूड होते. खानापूर-कणकुंबीकडं पाऊस महिनोन्महिने थांबत नाही. तिथं जूनमध्ये दोघांनी मिळून स्टँड सावकाश आडवा करावा. आधी पाणी काढून टाका. बोर्डाखाली दोन लाकडी ओंडके ठेवा म्हणजे रिंगवर भार येणार नाही. जाळी सोडून घरात ठेवा, बुडाचं झाकण घट्ट लावा, आणि नागपंचमीच्या सुमारास एकदा उचलून खाली पाणी तुंबलंय का ते पाहा.