नवीन कंपाऊंड फुटेल का, हे हात लावायच्या आधी कसं बघायचं

लॅबमधे नवीन आलेली पोरं विचारतात, सर हे सेफ आहे ना, आणि मी उलट विचारतो स्ट्रक्चर काढून बघितलंस का, कारण पहिली टेस्ट कागदावरच होते आणि फुकटात होते. नायट्रोजन-नायट्रोजन, नायट्रोजन-ऑक्सिजन, ऑक्सिजन-ऑक्सिजन असे बॉण्ड दिसले, म्हणजे अझाइड, डायझो, नायट्रो, पेरॉक्साइड वगैरे गट, की तिथेच थांबायचं. ऑरगॅनिक अझाइड, म्हणजे ओळीने तीन नायट्रोजन जोडलेलं कार्बनचं कंपाऊंड, असेल तर गणित सोपंय, कार्बन आणि ऑक्सिजनचे अणू मोजा, बेरजेला नायट्रोजनच्या अणूंनी भागा, उत्तर 3 च्या खाली आलं की सावध. बेन्झिल अझाइड किती साधं दिसतं, पण 7 भागिले 3, म्हणजे 2.33! असलं काही कोरडं करून ग्रॅमावारी बाटलीत भरून ठेवायचं नाही, सोल्यूशनमधेच पुढच्या रिॲक्शनला न्यायचं.

मग डीएससी, म्हणजे सॅम्पल हळूहळू तापवत त्यातून किती उष्णता सुटते ते मोजणारी टेस्ट. दोनचार मिलिग्रॅम पुरतात, पण पॅन, म्हणजे सॅम्पल ठेवायची छोटी डबी, सीलबंद आणि प्रेशर झेलणाराच हवा, उघड्या पॅनमधे सॅम्पल उडून जातं, ग्राफवर सुटलेली उष्णता दिसतच नाही आणि आपण खूश. दोन आकडे बघायचे: उष्णता कुठल्या तापमानाला सुटायला लागते (हाच ऑनसेट), आणि ग्रॅममागे किती ज्यूल सुटते. 500 ज्यूलच्या वर गेलं तर स्फोटकतेच्या टेस्टिंगला बाहेर पाठवा, स्वतः हातोडी घेऊन बघायची हौस नको. ऑनसेटपासून 100 डिग्री खाली काम करायचं असा जुना नियम आहे, पण तो ढोबळ आहे, कारण हीटिंग रेट वाढवला की तोच ऑनसेट वर सरकतो, आणि एखादं कंपाऊंड स्वतःच स्वतःचं विघटन वाढवत नेणारं असलं तर कमी तापमानालाही तासन्‌तास ठेवून गडबड होते. त्यासाठी एआरसी करून घ्या, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देता सॅम्पल स्वतःहून कसं तापत जातं ते बघणारी टेस्ट, पैसे लागतात, लागू देत.

अजून एक, डीएससी उष्णता सांगतं, धक्क्याला काय होईल ते थेट सांगत नाही, त्याला सॅम्पलवर वरून वजन पाडून बघणारी फॉल हॅमर टेस्ट वेगळी लागते. आणि सॅम्पल कुठलं पाठवता तेही बघा, पांढरंशुभ्र प्युअर प्रॉडक्ट सगळेच पाठवतात, डिस्टिलेशननंतर तळाला उरलेला काळा गाळ कोणी पाठवत नाही, आणि रिॲक्टरमधे जास्त वेळ गरम तोच होत असतो.

कपाटातल्या जुन्या ईथरला यातलं काहीच लागत नाही. झाकणापाशी स्फटिक दिसले, तर ते पेरॉक्साइडचे असू शकतात, बाटली उघडू नका, हलवूही नका, सेफ्टीवाल्याला फोन करा.