नवीन फ्लॅटमध्ये गीझर कोणता, गॅस की इलेक्ट्रिक?

घणसोलीत फ्लॅट घेतला तेव्हा आम्ही पण यातच अडकलेलो. आधी बाथरूम बघा. खिडकी डक्टमध्ये उघडत असेल नाहीतर नुसता छोटा एक्झॉस्ट असेल तर गॅस गीझर आत लावूच नका, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस आंघोळ करताकरताच बेशुद्ध पडतो. लावायचाच तर बाहेर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत. पाइप गॅस आलाय की सिलेंडरच आहे तेही दुकानात आधीच सांगा, दोन्हीचे जेट (गॅस बाहेर येतो ती बारीक तोंडं) वेगळे असतात. आणि टाकीखालचाच मजला असेल तर पाण्याचं प्रेशर चेक करा, ते कमी असलं की गॅस गीझर पेटत नाही. आमच्याकडे शॉवर चालू केला की नुसतं टिकटिक टिकटिक, पेटायचं नावच नाही!

शेवटी इलेक्ट्रिक घेतला. 2 किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की 1 युनिट, आणि आपल्याकडे थंडी असते कुठे, 15 लिटरमध्ये दोघांचं आरामात होतं. फक्त 16 अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून टाइल्स लागायच्या आधी करून घ्या, आम्ही नंतर केलं आणि नवीकोरी टाइल फोडली, बायको अजून ऐकवते.