फऱ्यावरची गाठ काढायला जाण्याआधी

माझ्या भाचीच्या पाठीवरचा उजवा फरा, म्हणजे खांद्याच्या मागचं चपटं हाड, डाव्यापेक्षा वर आलेला पहिल्यांदा तिच्या आजीला दिसला, न्हाऊ घालताना. हात गोल फिरवला की आतून कट्कट् वाजायचं. एक्स-रेमध्ये फऱ्याच्या आतल्या अंगाला, बरगड्यांच्या बाजूला, हाडाला कोंभ फुटल्यासारखी वाढ दिसली. ऑस्टिओकॉन्ड्रोमा. हाडाच्या साध्या गाठींमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारी हीच. वर कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारख्या लवचिक हाडाची, टोपी असते आणि मूल वाढतं तोवर तीही वाढते. गाठ काढायच्या आधी आम्ही काय काय केलं, काय आधीच करायला हवं होतं, ते त्याच वाटेवर असलेल्या आईबापांसाठी लिहिते आहे.

आधी ऑपरेशन खरंच हवं आहे का, हे स्पष्ट विचारून घ्या. दुखत नसेल, हालचाल अडत नसेल, तर अशा गाठीवर नुसतं लक्ष ठेवून राहता येतं. दुखणं, नस किंवा रक्तवाहिनी दाबली जाणं, फरा बाहेर येणं, आणि उंची वाढायची थांबल्यावरही गाठ वाढत राहणं, ही काढायची कारणं. एकच गाठ असेल तर तिचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण १ टक्का धरतात. अंगावर अनेक गाठी असतील तर जास्त. म्हणून गुडघे, मनगट, बरगड्या यांवरही कुठे टणक उंचवटा आहे का ते चाचपून बघा, आणि आई-वडिलांपैकी कुणाला तसं काही होतं का, तेही डॉक्टरांना सांगा. अनेक गाठींचा प्रकार घराण्यातून येतो. या काळात हाडवैद्याकडे चोळायला मात्र नेऊ नका. चोळून हाड विरघळत नाही, उलट गाठीचा देठ मोडू शकतो. दूधही बंद करू नका, हे कॅल्शियम जास्त झाल्याने होत नाही.

एक्स-रे, सीटी आणि एमआरआय यांच्या फिल्म आणि सीडी, नुसते रिपोर्ट नव्हेत, एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. टोपीची जाडी एमआरआयमध्ये मोजतात. मोठ्या माणसात ती २ सेंटीमीटरच्या वर गेली तर डॉक्टर सावध होतात. सर्जनला विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या: कोणत्या बाजूने जाणार, कोणता स्नायू सोडवावा लागेल, गाठ टोपी आणि तिच्यावरच्या आवरणासकट निघेल ना (मागे राहिलं तर ती पुन्हा उगवू शकते), आणि वाटेत कोणती नस आहे. गाठ दंडाच्या वरच्या टोकाला असेल, तर तिथे हाडाला वळसा घालणारी नस असते, तिच्यावरच हात बाजूला उचलणं अवलंबून. म्हणून आधी हात किती उचलला जातो याचा मोबाइलवर एक व्हिडिओ काढून ठेवा. आम्ही काढला नाही, आणि नंतर प्रत्येक वेळी "आधी इतकाच जायचा का?" असं घरभर विचारत बसलो.

तारीख ठरवताना परीक्षा बघाच. लिहायचा हात किती दिवस झोळीत राहील ते स्नायू सोडवला की नाही यावर ठरतं.

घरी आधी आठवडाभर डाव्या हाताने जेवण, ब्रश, वेणी यांची सवय करायला लावा. पुढून बटणं असलेले सैल कपडे, नाडीऐवजी इलॅस्टिक. पहिल्या काही रात्री पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपणं बरं पडतं, तेव्हा तीन-चार उशा जमवा. भारतीय पद्धतीच्या संडासात एका हाताने उठता येतं का, तेही करून बघा. नखांची नेलपॉलिश काढा, बोटांवर मेंदी नको. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या यंत्राला अडचण होते. काखेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नका, कापलेल्या त्वचेतून जंतू शिरतात. कुठलंही चालू औषध, काढे-चूर्णंसुद्धा, भूलतज्ज्ञांना सांगा.

आदल्या रात्रीचा उपास नीट पाळा: अन्न ६ तास आधी बंद, साधं पाणी साधारण २ तास आधीपर्यंत, रुग्णालय सांगेल तसं. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत. प्रेमाने "घोटभर घे गं" म्हणणाऱ्या आजीला हे आधीच समजावून ठेवा, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

आणि काढलेल्या गाठीचं काय करायचं, हे ऑपरेशनच्या आधीच पक्कं करा. ती तपासायला गेलीच पाहिजे. लहान रुग्णालयात कधी कधी बरणी नातेवाइकांच्या हातात देतात. बरणीत साधं पाणी नको, फॉर्मॅलिन (गाठ टिकवून ठेवणारं द्रव) हवं, आणि बरणीवर नाव, तारीख, उजवी की डावी बाजू लिहिलेली हवी. हाड मऊ करूनच कापतात, त्यामुळे रिपोर्टला इतर गाठींपेक्षा जास्त दिवस लागतात. आमच्या घरी ते दिवस सगळ्यांत जड गेले. रिपोर्ट आणायला कोण जाणार आणि तो घेऊन सर्जनला कधी भेटायचं, हेही वहीत लिहून ठेवा.