ग्लुटेन टाळताय? मग दुधाचा पर्याय निवडताना या चुका टाळा

घरात कुणाला सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, निदान झालं की गव्हापाठोपाठ दूधही बंद होतं, कारण दूध घेतलं की पोट फुगतं, जुलाब होतात. पण दूध कायमचं सोडायची घाई करू नका. ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजलेलं असतं आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर (एन्झाइम) त्याच अस्तरात तयार होतं. गहू-जव कटाक्षाने टाळले की अस्तर हळूहळू भरून येतं आणि काही महिन्यांनी बऱ्याच जणांना दूध पुन्हा मानवतं. तोवर लॅक्टोज-फ्री दूध चालतं. दुधातल्या प्रथिनाचीच अ‍ॅलर्जी असेल तर मात्र हे दूध चालत नाही. ए२ (देशी गाईचं म्हणून विकलं जाणारं) किंवा शेळीचं दूधही नाही. नेमकं काय मानवत नाही, हे आधी डॉक्टरांकडून कळून घ्या. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी व्हायची असेल तर त्याआधी गहू सोडू नका. निकाल चुकू शकतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ओटच्या दुधात. ओटमध्ये मुळात गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात, गोदामात आणि गिरणीत त्यात गहू आणि जव मिसळतात. ‘ग्लुटेन-फ्री’ असं स्पष्ट छापलेलं नसेल तर ते पाकीट घेऊच नका. भारतात हा शब्द छापायचा तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. काही थोड्या रुग्णांना शुद्ध ओटही त्रास देतात, म्हणून निदान नवं असताना ओट बाजूलाच ठेवलेले बरे. चॉकलेट किंवा माल्ट चवीचं सोया दूध घेताना घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जवच. यादीखाली अ‍ॅलर्जीची वेगळी ओळ असते, तिथे गहू, जव, राय (गव्हासारखंच एक धान्य), ओट यांचा उल्लेख आहे का ते बघा. दुकानात ‘सोया मिल्क’ दिसलं नाही तर ‘सोया ड्रिंक’ किंवा ‘बेव्हरेज’ शोधा. २०२१ पासून वनस्पतीजन्य पेयांच्या पाकिटावर ‘मिल्क’ लिहायला मनाई आहे, नारळाचं दूध तेवढं अपवाद. आणि ‘नॉन-डेअरी’ क्रीमरवर विसंबू नका. त्यात अनेकदा सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधाचंच प्रथिन.

घरी केलेलं दूध सुरक्षित, असं आपण गृहीत धरतो. खरी गडबड तिथेच होते. नाचणी निवडून, भिजवून, वाटून आपण ती गाळतो कशातून? उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक गाळला त्याच पंचातून. चीक विणीत अडकून वाळतो, साध्या धुण्याने पूर्ण निघत नाही. नाचणीसाठी नवं फडकं आणा, त्यावर रंगीत दोऱ्याचा टाका घाला आणि ते वेगळं ठेवा. पीठ दळून आणायचं तर गिरणीत तुमच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतातच, तेव्हा घरच्या मिक्सरवर किंवा फक्त तुमच्यासाठी ठेवलेल्या घरघंटीवर दळा. सोयाबीनचं दूध करत असाल तर उतू जाणारा फेस म्हणजे उकळी नव्हे. फेस खाली बसवून पुढे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवा, कच्चं सोयाबीन पचत नाही.

बदामाचं दूध लोकप्रिय आहे, पण मला ते रोजच्या दुधाच्या जागी पटत नाही. विकतच्या पेल्याभर बदाम दुधात प्रथिनं साधारण एक-दोन ग्रॅम; सोया दुधात सहा-सात, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास. तांदळाच्या दुधातही प्रथिनं नगण्य, शिवाय तांदळातल्या आर्सेनिकमुळे ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नका असं सांगतात. वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं कोणतंच दूध मुख्य आहार म्हणून देऊ नका. सिलिअ‍ॅकमध्ये हाडं आधीच कमजोर झालेली असू शकतात, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ घातलेलं पाकीट निवडा आणि ओतण्याआधी जोरात हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं. घरच्या दुधात हे काही घातलेलं नसतं. तिथे निदान कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणीची भाकरी जेवणात हवी.

चहा फाटतो, ही तक्रार नेहमीची. आलं घालून खळखळ उकळलेल्या चहात थंड सोया दूध ओतलं की गुठळ्या होणारच. गॅस बंद करा, चहा मिनिटभर थांबू द्या, दूध वेगळं कोमट करून कपात आधी घ्या आणि त्यावर चहा गाळा. नाचणीचं दूध मात्र चहात घालू नका, पिठूळपणामुळे ते घट्ट होतं. ते गूळ-वेलची घालून आंबिलीसारखंच प्यावं.

नारळाच्या दुधाची सोलकढी दोन्ही पथ्यांत बसते. फक्त फोडणी देत असाल तर हिंगाची डबी उलटी करून वाचा. बांधणीच्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा.